कोणालाही सवलत नाही

तात्यासाहेब वाठारकरांच्या उजव्या हातात कात्री होती, डाव्या हातात माउस, आणि यातलं आधी काय चालवायचं हे त्यांना कुणीच सांगितलेलं नव्हतं.

टेबलावर माझा कॉम्प्युटर होता. बाळासो मामांनी त्याला लाल फीत गुंडाळली होती आणि ती बरोबर पडद्याच्या मधोमध आली होती. माउसला हळदकुंकू वाहिलं होतं. त्यातलं थोडं चाकात गेल्यामुळे पान खाली सरकायचं, पण वर यायचं नाव घेत नव्हतं. बाजूला समई, नारळ, शाल, मागं भिंतीवर कॉम्प्युटरचं चित्र मोठं दाखवणारा पडदा, आणि समोर खुर्च्यांवर शंभरेक माणसं. त्यातली निम्मी, जेवण आहे की नुसता चहा, याची चौकशी करत होती.

“आधी कात्री की हे?” तात्यांनी माउस उचलून विचारलं.

“आधी कात्री, तात्या. मग हे, त्या निळ्या बटणावर.”

“आणि प्रकाशन नेमकं कशानं होतंय?”

“माउसनं.”

“मग कात्री कशाला दिलीय?”

याचं उत्तर मामांकडे होतं, पण मामा माइकवर होते आणि माइकवरून मामांना खाली आणणं कुणाला आजवर जमलेलं नाही.

बारा वर्षं झाली याला. सगळा घोटाळा एका शब्दाचा. आदल्या महिन्यात मी जेवताना आईला सहज म्हणालो होतो की माझं एक्स्टेन्शन तयार झालं, आता रविवारी पब्लिश करतो. शेजारच्या पाटावर बाळासो मामा. मामा आसरवाडीच्या सार्वजनिक वाचनालयाचे तीस वर्षं चिटणीस. पब्लिश म्हणजे प्रकाशन, आणि प्रकाशन म्हणजे प्रमुख पाहुणे, हे त्यांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं की त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

“घरात बसून प्रकाशन? पाहुण्याशिवाय? काय चोरी केलीयस काय रे?”

मी त्यांना समजावून सांगितलं, की मामा, आपण नेट ज्यातनं बघतो तो ब्राउझर. त्याला एखादं जास्तीचं काम शिकवणारी छोटी वस्तू जोडायची, तिला एक्स्टेन्शन म्हणतात. ती ब्राउझरच्या स्टोअरवर ठेवायची, लोक तिथून घेतात. बटण दाबलं की झालं.

“म्हणजे पुरवणी,” मामा म्हणाले.

“हां, तसंच काहीतरी.”

“मग तर हॉल मोठा घ्यायला पाहिजे. पुरवणीला कोण विचारतंय एरवी!”

पुरवणीचं नाव होतं ‘फडकं’. मामांना ते अशुद्ध वाटलं, म्हणून पत्रिकेवर त्यांनी ते शुद्ध करून घातलं. ‘चि. अभिनंदन मगदूम यांच्या फडके या एक्स्टेन्शनचे प्रकाशन’. निम्म्या गावाचा समज झाला की मी फडके नावाच्या कुणा थोर माणसाचं चरित्र लिहिलंय. गावचे पुढारी आणि आमचे प्रमुख पाहुणे तात्यासाहेब, त्यांचाही तोच समज होता, हे त्यांच्या भाषणात कळलं.

“फडके यांचं कार्य मी जवळून पाहिलेलं आहे,” तात्या चाळीस मिनिटं बोलले. “माणूस साधा, पण तत्त्वाचा पक्का! आज असे फडके राहिलेले नाहीत.”

टाळ्या पडल्या. शेवटून दुसऱ्या रांगेत रेश्मा मुल्लानं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे हलत होते.

रेश्मा कॉलेजात माझ्या वर्गात होती. तिचे वडील, दस्तगीर चाचा, तात्यांच्याच कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचे शिपाई. ती गावातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करायची. दिवसभर पुढाऱ्यांच्या तोंडाभोवती कमळं, सूर्य, वाघ आणि सिंह बसवायची. फडक्याची कल्पना तिचीच. आमच्याकडे बातम्यांची चौदा लोकल संकेतस्थळं होती, आणि त्या चौदाही ठिकाणी बातमी शोधायची म्हणजे जत्रेत हरवलेलं माणूस शोधायचं. जिकडं तिकडं वाढदिवस. कार्यसम्राट, विकासरत्न, दमदार, धडाडीचे, भावी आमदार, भावी खासदार, आणि ज्यांना काहीच भावी नव्हतं ते युवा नेते. मध्येच कुठंतरी बोटभर बातमी.

“हे सगळं पुसणारं काहीतरी कर की मगदूम,” ती म्हणाली होती. “शब्द मी देते. मलाच पाठ आहेत.”

तिनं तीनशे बारा शब्द लिहून दिले. फोटोखाली यातला एक जरी शब्द आला की फडकं तो सगळा चौकोन पांढरा करून टाकायचं. बस, एवढंच. मी तेव्हा इंजिनिअर होऊन चौदा महिने घरात बसलेलो. वडील मला काही बोलायचे नाहीत, फक्त रोज सकाळी पेपरातली नोकरीची पानं माझ्या ताटाशेजारी ठेवायचे. मला एकच हवं होतं. स्टोअरच्या पानावर वापरणाऱ्यांचा आकडा दिसतो ना, तिथं हजार दिसले पाहिजेत. हजार दिसले की मी कुणीतरी झालो, असं मी ठरवून टाकलं होतं.

रेश्माचं तसं नव्हतं. मी पहिल्यांदा स्टोअरकडे पाठवताना जगातली सगळी पानं वाचायची परवानगी मागितली होती. स्टोअरनं परत पाठवलं, एवढं कशाला लागतंय म्हणून. रेश्मा मला फाडफाड बोलली. “लोकांच्या बँकेचं पान तुला कशाला वाचायचंय रे? चौदाच माग.” चौदाच मागितली. मग स्टोअरवर माहिती लिहायची वेळ आली तेव्हा शेवटचं वाक्य तिनं स्वतः टाइप केलं. ‘फडक्यात कोणालाही सवलत नाही.’ आणि खाली दोघांची नावं.

तर तात्यांनी शेवटी फीत कापली, बटण दाबलं आणि मामांनी प्रकाशन झाल्याचं जाहीर केलं. इथं चहा आला असता तर मी सुटलो असतो. पण तात्या खुर्चीत बसता बसता थांबले.

“करून दाखवा की. फडके करतात तरी काय?”

मी चौदांतलंच एक साधं पान काढून ठेवलं होतं, शेजारच्या तालुक्याचं. तात्यांनी मान हलवली. “ते नको. आपलं उघड. नदीकाठ न्यूज.”

आदल्या दिवशी तात्यांची एकसष्टी झाली होती. नदीकाठ न्यूजच्या पानावर तात्या अकरा ठिकाणी होते. फेट्यात, बिनफेट्याचे, घोड्यावर, आणि एका ठिकाणी ढगांतून खाली बघणारे. सभागृहातून कौतुकाचा आवाज निघाला. मी मामांकडे पाहिलं, मामांनी मला ‘होऊ दे’ अशी खूण केली. मी फडकं चालू केलं.

अकरा तात्या गेले.

पान पांढरं पडलं. मधेमधे चार-पाच बारक्या बातम्या तेवढ्या उरल्या, सगळ्यांसमोर उघड्या.  मग पुढच्या रांगेतले निवृत्त पोस्टमास्तर उठले, चष्मा पुसला आणि पडद्यापाशी जाऊन मोठ्यानं वाचायला लागले.

“सोमवारपासून पाणी दिवसाआड... आयला! हे कधी ठरलं?”

“खाली काय लिहिलंय हो?” मागून एक बाई ओरडली.

“बाजारपेठेतल्या गटारीचं काम पुन्हा बंद. ठेकेदार... ठेकेदार श्री. वाठारकर.”

खुर्च्या सरकल्या. माणसं उठून पुढं यायला लागली. कुणी तात्यांकडे बघत नव्हतं, सगळे बातमी वाचत होते, आणि आमच्या गावात मी ते पहिल्यांदाच बघत होतो. तेवढ्यात मामा माझ्या कानाशी लागले.

“अरे, तुझीपण बातमी गेली की! मीच लावली होती, कोपऱ्यात. फोटोसकट.”

खरंच गेली होती. तीनशे बारा शब्दांत एकशे सातवा शब्द होता ‘अभिनंदन’. आणि माझं नाव अभिनंदन. आमच्या भागातल्या जैन घरांत हे नाव इतकं आहे की वर्गात मास्तर हाक मारायचे तर तिघं उभे राहायचे. स्वतःच्या हातानं मी स्वतःला पुसलं होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

चहा लवकर उरकला. तात्या शाल घेऊन चहा न घेता गेले, आणि मामांनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. हॉलच्या पायऱ्यांवर मी रेश्माला म्हणालो, “निदान माझं नाव तरी वाचवू. नाव आहे ते, शुभेच्छा नव्हेत.”

“कॉम्प्युटरला ते कळतंय काय?”

“नाही. यादीत वेगळं घालावं लागेल. अभिनंदन मगदूम सोडून.”

“मग दुसऱ्या अभिनंदनांनी काय घोडं मारलंय?” ती म्हणाली. “जाऊ दे तुझं नाव. वाक्य काय लिहिलंय आपण?”

 मला राग आला होता, हे खरं सांगतो. माझ्या नावाला माझ्याच वस्तूत जागा नव्हती.

पहिल्या आठवड्यात वापरणारे सदतीस झाले. त्यातले एकोणीस मगदूम. स्टोअरवर अभिप्राय आले तेही घरचेच. बावीस जणांनी एकच मजकूर लिहिला, ‘पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा’, कारण मामांनी तो सगळ्यांना पाठवून दिला होता. जयसिंगपूरच्या मावशीनं पाचपैकी एकच तारा दिला. फोन केला तर म्हणाली, “अरे, पहिला नंबर दिलाय तुला!”

आणि मग तात्यांचा निरोप आला, बंगल्यावर ये म्हणून.

मी गेलो तो शिव्या खायच्या तयारीनं. तात्या व्हरांड्यात बसले होते, समोर लॅपटॉप.

“बस. अकरा फोटो पुसलेस माझे.”

“तात्या, ते मुद्दाम—”

“मी रागावलोय असं कोण म्हणतंय? चहा घे.” त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. फडकं चालू होतं. “चार दिवस हे लावून बसलोय. दूध संघाच्या शंकरदादाचे फोटो गेले. पलीकडच्या गटाच्या त्या सुलभाबाईंचे गेले. भावी आमदार म्हणून ते कालचं पोरगं फिरतंय, ते तर नखभरही राहिलं नाही. इतकं निवांत मला आयुष्यात वाटलं नव्हतं बघ!”

“आवडलं म्हणजे तुम्हाला?”

“लई आवडलं. एकच राहिलंय.” तात्या खुर्चीतून पुढं झुकले. “मी पण दिसंना.”

“ते सगळ्यांनाच लागू आहे, तात्या.”

“सगळ्यांना लागू असतंय ते आमच्यासाठी नसतंय, बाळ. एवढा शिकलास आणि हे माहीत नाही?”

 तात्यांनी आवाज खाली आणला. त्यांच्या शिक्षण संस्थेत एक कॉलेज होतं, अकरा शाळा, दोन तंत्रविद्यालयं. कॉम्प्युटर बाराशे.

“उद्या परिपत्रक काढतो. सगळ्या कॉम्प्युटरवर फडके सक्तीचे.”

“फडकं, तात्या.”

“तेच ते. बाराशे. तुला किती पाहिजेत? हजार ना? मामा सांगत होते तुझे.”

बाराशे! मी सदतीसवर बसलेला माणूस. मी तिथंच मनात हिशेब करून टाकला, आणि त्यात तत्त्वबित्त्व काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फ्लेक्सच्या दुकानात गेलो. रेश्मा एका ‘भावी नगराध्यक्षा’चे केस काळे करत होती. मी सगळं सांगितलं. तिनं माउस सोडला नाही.

“नाही,” ती म्हणाली.

“ऐकून तर घे. एक ओळ आहे फक्त. एक माणूस. त्यात बाराशे कॉम्प्युटर येतात.”

“मग आपलं वाक्य खोड आधी. लिही, ‘तात्यासाहेब वाठारकर सोडून कोणालाही सवलत नाही.’ तेवढं लिही आणि खुशाल टाक.”

“असं कोण लिहितं का?”

“म्हणूनच नको म्हणते.”

“रेश्मा, हजार झाले की पुढं आपण काहीपण करू शकतो. तेव्हा काढू ना ती ओळ.”

“तेव्हा तू दोन हजारच्या मागं असशील.” तिनं भावी नगराध्यक्षाच्या कपाळावरची एक सुरकुती पुसली. “मगदूम, मी दिवसभर हेच करते. ज्याचा फोटो मोठा पाहिजे त्याचा मोठा. ही एकच गोष्ट होती जिथं कुणाचं ऐकावं लागत नव्हतं.”

मी तेव्हा जे बोललो ते बोलायला नको होतं. मी म्हणालो, “तुझ्या अब्बांचा तरी विचार कर. तात्यांच्याच कॉलेजात आहेत ते.”

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.  मग पुन्हा पडद्याकडे वळली.

“माझं नाव काढ पानावरनं,” ती म्हणाली. “आजच काढ.”

“आणि शब्दांची यादी? ती तुझी आहे.”

“ते शब्द माझे कुठले? त्यांचेच आहेत. राहू दे.”

मी घरी येऊन तात्यांना सवलत देणारी ती ओळ टाकली. पाच मिनिटांचं काम. रेश्माचं नाव काढलं. ‘कोणालाही सवलत नाही’ हे वाक्य मात्र काढलं नाही, कारण लोकांना तेच आवडत होतं. नवी आवृत्ती पाठवताना काय बदललं ते लिहावं लागतं, तिथं मी लिहिलं, ‘किरकोळ सुधारणा’. आणि हात चालताच होता म्हणून दुसरंही एक नाव सवलतीच्या यादीत घालून टाकलं. अभिनंदन मगदूम.

तात्यांनी परिपत्रक काढलं. ‘सर्व विभागप्रमुखांनी आपापल्या संगणकावर फडके बसवून घ्यावेत व तसा अहवाल आठ दिवसांत सादर करावा.’ दोन शाळांनी प्रत्येक कॉम्प्युटरमागे एक याप्रमाणे पिवळी फडकी आणली, घडी घालून पडद्यावर ठेवली आणि अहवाल सादर केला. बाकीच्यांना मी स्वतः जाऊन बसवून दिलं. कुणी काढून टाकू नये म्हणून तात्यांनी ते कुलूपबंद करून घेतलं. बंद करायचं बटणच राहिलं नाही.

आकडा हजारावर गेला त्या दिवशी वडिलांनी नोकरीची पानं ताटाशेजारी ठेवली नाहीत. एवढं झालं, आणि मला ते पुरलं.

महिनाभरात शंकरदादांचा माणूस आला. दूध संघाचे तीनशे कॉम्प्युटर, आणि एवढंच म्हणणं की तात्या दिसतात तर दादांनी काय पाप केलंय. हे म्हणणं खोटं म्हणता येईना. मग सुलभाबाई आल्या, महिला बचत गटांच्या केंद्रांसकट. मग तो भावी आमदार. तो एकटाच आला होता, त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हते, पण तो रडला, म्हणून त्यालाही घेतलं. वर्षभरात वापरणारे चार हजारांवर गेले. पुण्याच्या एका मासिकानं ‘गावाकडचा तरुण उद्योजक’ म्हणून माझा फोटो छापला. सत्कार सात झाले. प्रत्येक सत्कारात पाहुणे त्या एका वाक्याचं कौतुक करायचे, आणि बहुतेक वेळा ते पाहुणे स्वतः यादीत असायचे.

यादीत तेव्हा त्रेचाळीस नावं झाली होती. मग फडकं पुसत काय होतं? कुणाची मुलगी दहावीला पहिली आली, ती पुसत होतं. एसटीतला कंडक्टर निवृत्त झाला, त्याला पुसत होतं. कुणा म्हातारा-म्हातारीच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, त्यांना. माझ्यापर्यंत ज्यांना यायचं ठाऊक नव्हतं ते सगळे. मला हे दिसत होतं. दिसत नव्हतं असं कशाला सांगू! चौकोन पांढरा दिसला की मी पुढं सरकायचो.

पुढच्या जूनमध्ये तात्यांच्या कॉलेजच्या लॅबमध्ये नवे कॉम्प्युटर आले आणि फडकं बसवायला मी गेलो. सकाळचे अकरा वाजले असतील. दारातच दस्तगीर चाचा. इस्त्रीचा गणवेश, डोक्यावर नवी टोपी, हातात पेढ्यांचा बॉक्स.

“अभिबाळ! बरं झालं आलास. तूच पाहिजे होतास.”

“काय चाचा, आज काय विशेष?”

“तुला माहीत नाही? आमची रेश्मा मुंबईला लागली. मंत्रालयात. पुढच्या महिन्यात जायचंय. टायपिंगची परीक्षा होती, सगळ्या जिल्ह्यातनं तिसरी!” त्यांनी माझा दंड धरून मला आत ओढलं. आत दोन शिपाई, ऑफिसातले हेडक्लार्क आणि ग्रंथालयातल्या एक बाई उभ्या होत्या. “आणि नदीकाठला फोटो दिलाय तिचा. तिला न सांगता. म्हटलं, पोरीनं आयुष्यभर दुसऱ्यांचे फोटो लावले, तिचा एकदा लागू दे. आज सकाळी टाकतो म्हणाले. आठपासून बघतोय, दिसंना.”

पडद्यावर नदीकाठ न्यूजचं पान होतं. वर तात्या हसत होते. त्यांच्याखाली शंकरदादा, शेजारी सुलभाबाई, कोपऱ्यात भावी आमदार. सगळे हसत होते. आणि या सगळ्यांच्या मधोमध एक पांढरा चौकोन.

“ही जागा रिकामी ठेवलीय बघ,” चाचा चौकोनावर बोट ठेवून म्हणाले. “इथंच येणार असंल काय?”

हेडक्लार्क म्हणाले, “मजकूर काय दिलाय चाचा?”

चाचांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि वाचला. “रेश्मा दस्तगीर मुल्ला हिचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, मुल्ला परिवार.” कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला. “जास्त काही लिहिलं नाही. साधंच लिहिलं.”

 ते फडकं तिथून काढायचं बटण नव्हतं, ते मीच काढलं होतं. नवे कॉम्प्युटर अजून खोक्यांत, त्यांना नेट जोडलेलं नव्हतं, आणि माझ्याकडे तेव्हा बटणांचा साधा फोन, त्यावर पान उघडत नव्हतं. एकच मार्ग होता, तिचं नाव यादीत घालायचा, आणि ते तिला न विचारता करायची माझी हिंमत नव्हती. मी “आलोच” म्हणून बाहेर व्हरांड्यात आलो आणि वर्षात पहिल्यांदा रेश्माला फोन लावला.

“मी मगदूम. ऐकलं आत्ताच. खूप बरं वाटलं मला.”

“हं. बोल.”

मी भराभर सांगून टाकलं. चाचांनी फोटो दिलाय, सगळ्यांना गोळा केलंय, आणि चौकोन पांढरा दिसतोय. “ऐक, मी इथंच बसून तुझं नाव यादीत घालतो. स्टोअरच्या माणसांना फोन करून आजच्या आज पास करून घेतो. दुपारपर्यंत दिसेल, चार हजार ठिकाणी.”

 तिच्या मागं फ्लेक्सच्या मशीनचा आवाज येत होता.

“यादीत कोण कोण आहे?” तिनं विचारलं.

 तिला माहीत होतं.

“अब्बांनी फोटो कुठला दिलाय?”

“माहीत नाही. दिसत नाही ना.”

ती थोडं हसली की काय केलं, मला नीट कळलं नाही. मग म्हणाली, “ते वाक्य आहे अजून पानावर?”

“कुठलं?” मी उगाचच विचारलं.

“मगदूम.”

“आहे.”

“मग मला नको. माझं नाव कुठंही घालायचं नाही.”

“अगं पण चाचा! ते आठ वाजल्यापासून—”

“संध्याकाळी मी छापून आणते त्यांच्यासाठी, मोठा.”  “आत्ता त्यांना सांग, नेट बंद आहे.”

फोन ठेवला गेला.  निघून जावं तर चाचा दारातूनच बघत होते.

शेवटी आत गेलो. “चाचा,” मी म्हणालो, “नेट बंद आहे.”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं.

“व्हय? मग हे सगळे कसे दिसत्यात?”

हेडक्लार्कांनाही तेच विचारायचं होतं. ग्रंथालयातल्या बाईंनाही. 

“ते आधीच येऊन बसलेत, चाचा.”

“असं होय,” चाचा म्हणाले. त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता, कॉम्प्युटरमधलं मला कळतं म्हणून. त्यांनी बाकीच्यांना म्हटलं, “तुम्ही जावा कामाला, आला की हाक मारतो.” मग स्टूल ओढलं, पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेतला आणि त्या पांढऱ्या चौकोनासमोर नीट बसले.

“बसतो मी,” ते मला म्हणाले. “येईल की आमचा पण नंबर.”